रिन्यूअल, नूतनीकरण आणि नवं-जुनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरटीओत, पीककर्जाच्या विकास सोसायटीत, बँकेत, सेतूच्या खिडकीवर रोज एकच वाक्य ऐकू येतं: "रिन्यू करायचंय." काम मात्र प्रत्येक खिडकीवर निराळं असतं. कुठे फक्त तारीख पुढे सरकते, कुठे जुना करार संपून नवा होतो, कुठे आधी पैसे भरावे लागतात आणि मगच परत उचल मिळते. लोकांचं नुकसान होतं ते बहुतेक वेळा एका खिडकीचा नियम दुसऱ्या खिडकीला लावल्यामुळे. खालचे प्रश्न सांगली आणि सातारा जिल्ह्यांत नेहमी पडणारे आहेत. सरकारी फी बदलत असते, त्यामुळे भरण्याआधी पोर्टलवरचा आकडा बघूनच भरा.

रिन्यूअलला गेल्यावर सगळ्यात आधी काय विचारावं?

"नंबर तोच राहणार का?" एवढंच विचारा. ड्रायव्हिंग लायसन्सचा आणि गाडीचा नंबर तोच राहतो, म्हणजे मूळ हक्क चालू आहे आणि फक्त मुदत वाढते. पासपोर्टचा नंबर बदलतो, भाडेकराराचा दस्त क्रमांक बदलतो, सोसायटीत कर्जाची नवी नोंद होते. तिथे जुनं बंद होऊन नवं सुरू होत असतं, आणि कागदपत्रं, सह्या, अटी सगळं पुन्हा तपासलं जातं. या कसोटीला एक अपवाद आहे. आरोग्य विम्यात पॉलिसीचा नंबर कधी कधी बदलतो, पण सलगता कायम राहते. तिथे नंबराऐवजी "पहिल्या पॉलिसीची तारीख" छापली आहे का ते पाहा.

लायसन्स किती वर्षांसाठी रिन्यू होतं?

वयावर आहे. खाजगी वाहनांचं लायसन्स तिशीच्या आत काढलं किंवा रिन्यू केलं, तर वयाच्या ४० व्या वर्षापर्यंत चालतं. ३० ते ५० या वयात १० वर्षं मिळतात. ५० पूर्ण झाल्यावर आणि ५५ च्या आत रिन्यू केलं तर ६० व्या वर्षापर्यंत. ५५ च्या पुढे दर वेळी ५ वर्षं. ट्रक, टेम्पो, रिक्षा, काळी-पिवळी चालवणाऱ्यांचं व्यावसायिक लायसन्स वय काहीही असलं तरी ५ वर्षांचंच असतं. गॅस, पेट्रोल, रसायनं वाहणाऱ्या टँकरचालकांना ३ वर्षांनीच यावं लागतं.

अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. इतकी मोकळीक असताना लोक शेवटच्या आठवड्यात का येतात, हे कोडंच आहे.

मुदत संपून गेली आहे. ३० दिवस चालतं ना?

चालायचं. २०१९ च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. आता मुदत संपली की दुसऱ्या दिवसापासून तुम्ही विनापरवाना चालक. दंड ५,००० रुपये. दंडाचं एकवेळ निभावेल, पण त्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी बोट ठेवते ते नेमकं याच तारखेवर.

मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला तर चाचणी नाही. वर्ष उलटलं की चाचणी पुन्हा द्यावी लागते, मग तुम्ही २० वर्षं गाडी चालवत असा की ४०. शिवाय उशिराच्या प्रत्येक वर्षाला किंवा त्याच्या भागाला १,००० रुपयांप्रमाणे जादा फी आहे. वेळेत केलेल्या रिन्यूअलची फी २०० रुपये आणि स्मार्ट कार्डाचे २०० रुपये एवढीच आहे.

कागद काय लागतात आणि अडतं कुठे?

सारथी पोर्टलवर अर्ज, आधार, जुनं लायसन्स. वय ४० च्या पुढे असेल किंवा लायसन्स व्यावसायिक असेल तर नमुना १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आता बऱ्याच ठिकाणी डॉक्टरच थेट पोर्टलवर चढवतात, त्यामुळे कागद हातात आला तरी पोर्टलवर दिसतोय का ते तपासा. अर्ज अडण्याची दोन कारणं वारंवार दिसतात. पहिलं, आधारवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळत नाही. जुन्या पुस्तकी लायसन्सवर वडिलांचं नाव आडनावाच्या जागी चढलेलं असतं. दुसरं, जुनं लायसन्स संगणकावर चढलेलंच नसतं. अशा वेळी मूळ कार्यालयातून नोंद चढवून घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

आम्ही विट्याचे, पण गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी तमिळनाडूत राहतो. गावी यावंच लागेल का?

नाही. कायद्याप्रमाणे कोणतंही परवाना कार्यालय लायसन्सचं नूतनीकरण करू शकतं. तिथला पत्ता दाखवणारा पुरावा मात्र लागतो, आणि पत्ता बदलला की तो नव्या कार्डावर चढतो. खानापूर-आटपाडीकडची पुष्कळ मंडळी दिवाळीला गावी आल्यावर हे काम काढतात आणि नेमक्या सुट्ट्यांत अडकतात.

गाडीला १५ वर्षं झाली. आरसी रिन्यू करावी की मोडीत काढावी?

आधी खर्च मांडा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५-५ वर्षांनी वाढते. केंद्राची फी दुचाकीला १,००० आणि मोटारीला ५,००० रुपये आहे. गाडी २० वर्षांच्या पुढची असेल तर २०२५ पासून हीच फी २,००० आणि १०,००० झाली आहे. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला ३०० आणि मोटारीला ५०० रुपये वाढत जातात. तीन वर्षं गोठ्यात उभ्या असलेल्या मोटारीवर नुसती उशिराचीच फी १८,००० होते. पंचवीस-तीस हजार किमतीची गाडी असेल तर उत्तर आकड्यातच आहे.

ठेवायची ठरली तर मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून नमुना २५ भरता येतो. गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते: सांगलीची एमएच-१०, साताऱ्याची एमएच-११, कऱ्हाडची एमएच-५०. चॅसिस नंबरचा पेन्सिलीने ठसा घेतात. नदीकाठच्या गावांत पुराचं पाणी लागलेल्या गाड्यांचा नंबर गंजून वाचता येत नाही, आणि काम तिथेच थांबतं. म्हणून जायच्या आधी तारेच्या ब्रशने हलकं घासून, रॉकेलचा बोळा फिरवून नंबर उघडा करून घ्या. पॉलिश पेपर आणि ग्राइंडर लावू नका. अक्षरं झिजली की खाडाखोडीचा संशय येतो.

गाडीच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असणं, ई-चलन थकलेलं असणं, एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट नसणं, या तीन गोष्टीही काम अडवतात. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बँकेचा नमुना ३५ दिल्याशिवाय बोजा उतरत नाही.

गाडीचा विमा दोन-चार दिवस उशिरा भरला तर काय बिघडतं?

त्या दोन-चार दिवसांत गाडी विनाविमा असते. मोटार विम्याला सवलतीचे दिवस नसतात. मुदत संपल्यावर स्वतःच्या नुकसानीचा विमा पुन्हा घ्यायचा तर कंपनी गाडीची पाहणी किंवा व्हिडिओ मागते. आणि ९० दिवस उलटले की दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे एनसीबी, शून्यावर येते. ही सवलत २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी पाच वर्षांत चढते. ५० टक्क्यांवर पोचलेला माणूस तीन महिन्यांच्या आळसात पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. एनसीबी गाडीची नसून मालकाची असते, हेही लक्षात असू द्या. जुनी गाडी विकून नवी घेताना ती सोबत नेता येते.

पीयूसी?

बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिन्यांची. पीयूसी वाढत नाही, दर वेळी नवी तपासणी होते.

सोसायटीतलं "नवं-जुनं" म्हणजे नक्की काय?

जुनं पीककर्ज मुद्दल आणि व्याजासह भरून खातं बेबाक करायचं आणि पुढच्या हंगामासाठी नवं कर्ज उचलायचं. कर्ज तेवढंच राहतं, फक्त त्याची तारीख नवी होते. हे लायसन्ससारखं नुसतं मुदत वाढवणं नाही. मधल्या एका क्षणी तुमचं कर्ज शून्य झालेलं असावं लागतं, आणि सगळी ओढाताण त्या एका क्षणासाठी असते.

विकास सोसायटीच्या खरीप कर्जाला ३१ मार्च ही तारीख असते. उसाचं कर्ज लागणीच्या हंगामाप्रमाणे वेगळं चालतं, त्याची तारीख सचिवांकडून लिहून घ्या. व्याज सवलतीसाठी उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष धरलं जातं. त्यामुळे एप्रिलच्या सुरुवातीला उचल केलेल्यांनी ३१ मार्चपर्यंत थांबण्याआधी पासबुकातली उचलीची तारीख पाहावी.

वेळेत केल्याने मिळतं काय?

३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज आहे. वेळेत फेडणाऱ्याला केंद्राकडून ३ टक्के सूट मिळते आणि उरलेला भार डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून राज्य उचलतं. म्हणजे शेतकऱ्याला कर्ज बिनव्याजी पडतं. दीड लाखाच्या उचलीवर वर्षाचं व्याज १०,५०० रुपये होतं. तारीख एका दिवसाने चुकली तरी ही दोन्ही सवलती जातात आणि सगळं व्याज अंगावर येतं, थकबाकीचं जादा व्याज वेगळंच.

काही ठिकाणी आधी व्याज भरून घेतात आणि सवलतीची रक्कम नंतर बचत खात्यावर येते. ती आली का हे दिवाळीच्या सुमारास एकदा पाहून ठेवा. खात्याचा आयएफएससी बदललेला असेल किंवा आधार जोडणी तुटली असेल तर रक्कम मधेच अडकते आणि कोणी कळवत नाही.

भरायला पैसेच नसतात. दोन दिवसांसाठी बाहेरून घ्यावेत का?

मार्चअखेरीला हे गावोगाव चालतं, त्यामुळे हिशोबानेच बोलूया. समजा दीड लाख शेकडा १ रुपयाने चार दिवसांसाठी घेतले, तर १,५०० रुपये गेले आणि १०,५०० वाचले. कागदावर फायदा आहे. धोका आहे तो मधल्या दिवसांचा. जुनं भरलं आणि नवं कर्ज मंजूर व्हायला तीन आठवडे लागले, तर तोच शेकडा १ रुपया दर आठवड्याला मोजावा लागतो.

म्हणून भरण्याच्या आधी चार गोष्टी सचिवांकडून पक्क्या करून घ्या. यंदाच्या क. म. पत्रकात, म्हणजे कोणाला किती कर्ज द्यायचं त्या कमाल मर्यादेच्या यादीत, तुमचं नाव, क्षेत्र आणि पीक बरोबर चढलं आहे का. पत्रक जिल्हा बँकेकडून मंजूर होऊन आलं आहे का. सातबारा, आठ-अ आणि ई-पीक पाहणीत तेच पीक दिसतं का, म्हणजे सातबाऱ्यावर सोयाबीन आणि पत्रकात ऊस असं नाही ना. आणि दुसऱ्या बँकेचा बेबाकी दाखला जोडला आहे का. चारही उत्तरं "हो" आल्याशिवाय बाहेरून एक रुपयाही आणू नका. ऊसबिल कारखान्याकडून परस्पर सोसायटीत वळतं होत असेल तर जमा झालेली तारीख पाहा. बिल निघालं त्या दिवसाची आणि खात्याला पडलं त्या दिवसाची तारीख एक नसते, आणि सवलतीला दुसरी तारीख धरतात.

वडिलांच्या नावावरचं कर्ज आहे, ते वारले. नवं-जुनं होईल का?

त्यांच्या नावाने होणार नाही. मयत सभासदाचं कर्ज भरता येतं, पण नवी उचल वारसाच्या नावाने होते. त्यासाठी आधी तलाठ्याकडे वारसनोंद, मग फेरफार मंजूर, मग सोसायटीचं सभासदत्व, असा क्रम आहे. फेरफाराला नोटिशीची मुदत असते, त्यामुळे फेब्रुवारीत धावपळ सुरू केली तर मार्च निसटतो. पाच भावंडांचा सामाईक सातबारा असेल तर संमतीपत्रं आधीच गोळा करा.

नवं-जुनं आणि पुनर्गठन एकच का?

नाही. पुनर्गठन दुष्काळ, अतिवृष्टी, पूर अशा वर्षी, शासनाने आपत्ती जाहीर केल्यावर होतं. त्यात थकू पाहणारं अल्पमुदत पीककर्ज काही वर्षांच्या हप्त्यांच्या मध्यम मुदतीच्या कर्जात बदलतं. पैसे न भरता थकबाकीदार होण्यापासून सुटका होते, पण हप्ता पुढची वर्षं मागे लागतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी व्याजदर आणि हप्त्यांची संख्या वाचा.

कर्जमाफी येईल म्हणून नवं-जुनं टाळावं का?

मागचा दाखला असा आहे: २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले योजनेत ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेलं, २ लाखांपर्यंतचं कर्ज माफ झालं. नियमित फेडणाऱ्यांना नंतर ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळालं. थकलेल्याला जास्त मिळालं हे खरं. पण कट-ऑफ तारीख घोषणेच्या आधीची होती. ती तारीख अंदाजाने गाठायला बसायचं तर दर वर्षी व्याज सवलत सोडावी लागते, नवी उचल बंद होते आणि सिबिल खराब होतं. आमच्या मते हा सौदा बहुतेकांना महागात पडतो.

मुदत ठेव आपोआप रिन्यू होते. मग बँकेत जायचं कशाला?

दरासाठी. आपोआप रिन्यू होताना जुना दर मिळत नाही, त्या दिवशी चालू असलेला दर लागतो. पूर्वी ज्येष्ठ नागरिक म्हणून नोंद नसेल आणि मधल्या काळात साठी उलटली असेल तर वाढीव दर आपोआप लागेलच असं नाही. "मुद्दल तेवढं" की "व्याजासह" हा पर्यायही ठेव करतानाचाच पुढे चालतो.

आपोआप रिन्यूअलची सूचना दिली नसेल आणि पावती कपाटात राहिली, तर मुदतीनंतरच्या काळाला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांतला कमी असेल तो मिळतो. हा रिझर्व्ह बँकेचा जुलै २०२१ पासूनचा नियम आहे. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तर रक्कम ठेवीदारांच्या निधीकडे जाते. तिथूनही ती परत मिळते, उद्गम पोर्टलवर नाव शोधता येतं. टीडीएस कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म मात्र ठेवीबरोबर रिन्यू होत नाही. तो दर एप्रिलमध्ये नव्याने द्यावा लागतो.

पतसंस्थेतली ठेव रिन्यू करताना काय पाहावं?

आपल्या भागात पतसंस्था जवळची वाटते, माणसं ओळखीची असतात, दरही अर्धा-एक टक्का जास्त असतो. पण बँकेतल्या ठेवीला माणशी, बँकनिहाय ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. नागरी सहकारी आणि जिल्हा बँकेलाही आहे. पतसंस्थेला तो नाही. रिन्यूअलचा दिवस हा पैसे सहज काढून घेता येण्याचा दिवस असतो. म्हणून त्या दिवशी ताजा लेखापरीक्षण अहवाल मागा, त्यातला लेखापरीक्षणाचा वर्ग पाहा, एनपीए म्हणजे थकलेली कर्जं किती ते पाहा. "पुढच्या महिन्यात देतो, तोवर रिन्यू करा" असं उत्तर आलं, तर ते रिन्यूअलचं आमंत्रण नाही, पैसे नसल्याची खबर आहे. निदान व्याज तरी काढून घ्या आणि अर्ज लेखी द्या.

आरोग्य विमा चुकला तर?

वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची मुभा असते. या ३० दिवसांत भरलं तर आधीच्या आजारांची प्रतीक्षा पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. पण हप्ता चुकलेल्या मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती झालात तर वार्षिक पॉलिसीत तो खर्च मिळत नाही. ३० दिवसही उलटले की नवा प्रस्ताव, नवी तपासणी, नवी प्रतीक्षा. ही प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांची आहे, आणि ३५ वा महिना चालू असताना पॉलिसी पडू देणारे लोक मिरजेच्या दवाखान्यांच्या बिल काउंटरवर दिसतात. कंपनी बदलायची असेल तर रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा.

आयुर्विम्यात शब्द वेगळा आहे: पुनरुज्जीवन. बंद पडलेली पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून साधारण ५ वर्षांत व्याजासह सुरू करता येते. सहा महिन्यांच्या पुढे गेलं की तब्येतीचं घोषणापत्र मागतात.

भाडेकरार ११ महिन्यांनी रिन्यू करतो. स्टँपवर "मुदत वाढवली" असं लिहिलं तर चालेल?

चालत नाही. महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असो की ६० महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. ११ महिन्यांची नोंदणी लागत नाही ही बाहेरच्या राज्यांतली गोष्ट. नोंदणी नसताना वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. रिन्यूअल म्हणजे दर वेळी नवा दस्त, नवं मुद्रांक शुल्क आणि दोघांचे नवे अंगठे.

खर्च फार नाही. विश्रामबागेतला फ्लॅट, भाडं ८,०००, अनामत ३०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं ८८,०००, अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांप्रमाणे २,७५०, एकूण ९०,७५०. त्यावर पाव टक्का म्हणजे २२७ रुपयांच्या आसपास, तो आकडा वर गोल होतो. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. दर वर्षी हा उपद्व्याप नको असेल तर ३ वर्षांचा करार करून भाडेवाढ आतच लिहा.

कोणत्या कागदांना रिन्यूअल लागतच नाही?

जातीचा दाखला, जात वैधता, अधिवास, पॅन, उद्यम नोंदणी, जीएसटी नोंदणी. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला २०१७ च्या कायद्याने फक्त सूचना द्यायची असते, तिलाही रिन्यूअल नाही. "तुमचं उद्यम एक्स्पायर झालंय, २,५०० भरा" असा फोन आला तर तो सरळ फसवणुकीचा आहे.

उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तो दर वेळी नवा काढावा लागतो. नॉन-क्रिमीलेयर तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे दिले तर तीन वर्षांचा मिळतो, एका वर्षाचे दिले तर एकाच वर्षाचा. जूनमध्ये प्रवेशासाठी सेतूत उभं राहण्यापेक्षा एप्रिलमध्येच तीन वर्षांचा घ्या.

पासपोर्ट?

तो रिन्यू होत नाही, पुन्हा दिला जातो. १० वर्षांची मुदत नव्या तारखेपासून मोजतात, उरलेले महिने मिळवत नाहीत. तरी एक वर्ष आधी अर्ज करणं शहाणपणाचं, कारण बरेच देश सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. ३६ पानी पुस्तिकेला १,५०० रुपये. दोन्ही जिल्हे पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात.

सांगलीच्या हळदीचं जीआय मानांकनही रिन्यू करावं लागतं?

हो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी (२०१०), सांगलीचा बेदाणा (२०१६), सांगलीची हळद (२०१८) ही मानांकनं दर १० वर्षांनी वाढवावी लागतात. ते काम नोंदणी घेणाऱ्या संस्थेचं. शेतकऱ्याची "अधिकृत वापरकर्ता" म्हणून नोंद वेगळी असते, आणि ती १० वर्षं किंवा मूळ मानांकनाची मुदत, यांत जे आधी संपेल तेवढीच चालते. म्हणजे मानांकनाच्या आठव्या वर्षी नोंद झालेल्या शेतकऱ्याला पहिल्या खेपेला दोनच वर्षं मिळतात.

उसाचा खोडवा किती वेळा ठेवावा?

खोडवा म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतलेलं पीक. तो प्लॉट पाहून ठरवा, वर्षं मोजून नव्हे. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस अशी की १५ फेब्रुवारीपर्यंत तुटलेल्या आणि हेक्टरी एक लाखाच्या आसपास ऊस असलेल्या प्लॉटचाच खोडवा राखावा. पाचट जाळू नका. ते सरीत दाबून हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू संवर्धक टाका. बुडखे जमिनीलगत छाटा. वर उंच राहिलेल्या बुडख्याचे डोळे फुटतात, पण त्यांची मुळं जमिनीत नीट जात नाहीत आणि कोंब कमजोर राहतात. खत वरून विस्कटण्यापेक्षा पहारीने १५ ते २० सेंटिमीटर खोल, फूटभर अंतरावर द्या: पहिला हप्ता १५ दिवसांत, दुसरा १३५ दिवसांनी. नांग्या (उगवण नसलेल्या मोकळ्या जागा) जास्त पडल्या, हुमणी किंवा गवताळ वाढ दिसली, तर मोडून नवी लागण.

द्राक्षबागेचा ओलांडा नवा करायचा, की बागच काढायची?

ओलांडा म्हणजे तारेवर पसरलेला वेलीचा आडवा फाटा. त्यावर वीतभर-वीतभर डोळे मेलेले असतील, खोड मात्र निरोगी असेल, तर ओलांडा बदलणं परवडतं. खोडकिडीने खोड पोखरलं असेल तर ओलांडा बदलून काही साधत नाही.

काम खरड छाटणीलाच, म्हणजे एप्रिलमध्ये. जिथे वेल दोन बाजूंना फुटतो तिथून जुना ओलांडा वीतभर ठेवून बाकीचा कापा. जखमेला लगेच बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र. लोखंडी बादली वापरू नका, मोरचूद लोखंडाशी लागतो आणि तांबं बादलीलाच बसतं. फुटलेल्यांपैकी जोरकस कोंब तारेवर बांधा आणि टप्प्याटप्प्याने वाढवा. सात-आठ पानांवर शेंडा मारायचा, बगलफुटी काड्या म्हणून राखायच्या, शेवटची फूट पुढे न्यायची, पुन्हा शेंडा मारायचा. घाईने एका दमात पूर्ण तार भरली की जोर सगळा टोकाला जातो आणि मधले डोळे झोपून राहतात. मग दोन वर्षांत ओलांडा परत तसाच. ऑक्टोबर छाटणीला त्या वेलीवर माल कमी मिळणार हे धरूनच चला. एका वर्षी एकच बाजू बदलली तर निम्मा माल हाती राहतो.

खोडच कापून नवं घ्यायचं असेल तर?

कलमाच्या सांध्याच्या वरच कापा. सांध्याखाली कापलंत तर फुटणारा कोंब डॉगरिजचा, म्हणजे ज्यावर कलम केलं त्या खुंटाचा, त्याला आपल्या जातीची द्राक्षं लागायची नाहीत. थंडी ओसरून किमान तापमान १५ अंशांच्या वर गेल्यावरच रिकट, म्हणजे ही कापणी, घ्या, नाहीतर फूट उशिरा आणि मागे-पुढे निघते.

वीजबिलावरची "नवीकरणीय" ऊर्जा यातच येते का?

शब्द जवळचा, विषय वेगळा. वापरली तरी न संपणारी, म्हणजे वारा, ऊन, पाणी. पाटण तालुक्यातल्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या त्यातच मोडतात. १,९६० मेगावॉटचं कोयनाही मोडतं, कारण मार्च २०१९ पासून मोठे जलविद्युत प्रकल्पही केंद्राने या वर्गात घेतले. पण पवनचक्कीलाही आयुष्य असतं, साधारण २० ते २५ वर्षं. त्यानंतर जुने लहान मनोरे उतरवून त्याच जागी कमी संख्येने मोठे उभारतात. शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली असेल तर मूळ कराराची मुदत, मनोऱ्याखालचं क्षेत्र आणि वापराचा रस्ता या तीन गोष्टी नव्या करारात पुन्हा लिहून घ्याव्या. मोठ्या पात्यांच्या वाहतुकीला रस्ता जास्त रुंद लागतो, आणि जुन्या करारातला रस्ता त्याला पुरत नाही.